काटेपूर्णेच्या काठी शरदातील मुक्काम

वऱ्हाडातला माणूस रान पाहावयास निघतो तो बहुधा वैशाखात. कारण त्या दिवसांत सागाची पाने गळून दृष्टी दूरवर पोचते, नाल्याओढ्यांचे पाणी आटून उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर जनावरे नेमाने उतरतात, आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून वन्यप्राण्यांची नोंद घेण्याचा वनखात्याचा परिपाठ सर्वश्रुत असल्यामुळे हौशी मंडळींच्या मनात अरण्य म्हणजे ग्रीष्म असे समीकरण पक्के बसलेले असते. आश्विन-कार्तिकात हे सारे गणित उलटते. गवत छातीपर्यंत चढलेले, वेलींनी झाडांना वेढलेले, प्रत्येक खळग्यात पाणी, आणि पाण्यासाठी कोणत्याही जनावराला दोन फर्लांगांपलीकडे जाण्याचे कारण उरलेले नाही, अशा रानात जिप्सीत बसून वाघाचा शोध घेणाऱ्याच्या पदरी धूळसुद्धा येत नाही, कारण ती अजून ओलीच असते. म्हणून शरदात अरण्यात जाणाराने ते पाहण्यासाठी न जाता तेथे राहण्यासाठी जावे, आणि जागा, तिथी, सामान व सोबत यांची सगळी आखणी या एका भेदावर उभी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण रानाची हवा, रानाची रात्र, पाणी, पाखरे आणि आकाश ही या ऋतूत जितकी उदार असतात तितकी ग्रीष्मात कधीच नसतात.

असा मुक्काम करू इच्छिणाऱ्या मालेगावकराला दूर जाण्याची गरज नाही. नाशिक जिल्ह्यातल्या मोठ्या मालेगावाशी घोटाळा होऊ नये म्हणून जुन्या कागदांत ज्याचा उल्लेख मालेगाव जहाँगीर असा होतो ते हे तालुक्याचे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या पूर्वेकडील पसाऱ्यावर, अकोला-वाशीम-हिंगोली या जुन्या रहदारीच्या वाटेवर वसले आहे. येथील भूगोलात एक मौज आहे. या पठाराच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस काटेपूर्णेसारख्या नद्यांतून पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि तापीतून अरबी समुद्रात जातो, तर दक्षिण उतारावरचा पाऊस पैनगंगा, वर्धा, प्राणहिता असा लांबचा प्रवास करून गोदावरीबरोबर बंगालच्या उपसागरास मिळतो. म्हणजे पाचदहा कोसांच्या अंतरात देशाच्या दोन्ही किनाऱ्यांचे पाणी वेगळे होते. पठाराची उंची समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक, तर खाली पूर्णेच्या खोऱ्यातले अकोला तीनशेच्याही आत. या फरकामुळे अकोल्यात ऑक्टोबरचा उकाडा अंगाची लाही करीत असता मेडशी-पातूरच्या घाटमाथ्यावर रात्री पांघरूण ओढावेसे वाटते.

याच उत्तर उतारावर, अकोला व वाशीम या दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर, काटेपूर्णा अभयारण्य आहे. १९८८ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य अवघे ७३.६९ चौरस किलोमीटरांचे. महान येथील धरणामागे पसरलेला जलाशय हे त्याचे हृदय, आणि अकोला शहराची तहान भागविणारे पाणीही तेच. मालेगावहून पूर्वेस शेलूबाजार गाठावे आणि तेथून उत्तरेस महानच्या रस्त्याला लागावे, म्हणजे दुतर्फा सागाचे रान सुरू होते. साग, सालई, धावडा, तेंदू, मोह, पळस, नाल्यांच्या काठाने अर्जुन, अशी ही दक्षिणेकडील शुष्क पानझडीची वनश्री. तिच्यात बिबट्या, रानडुक्कर, सायाळ, मोर हे तर आहेतच, परंतु या रानाची खरी प्रतिष्ठा चौशिंगा आणि भेकर या दोन लहान प्राण्यांमुळे आहे. चार शिंगे धारण करणारा कुरंग जगात हा एकच, तीही नरालाच. आणि तो पाण्यापासून फार दूर जात नाही, शिवाय लेंड्या टाकण्यास पुनःपुन्हा त्याच त्या ठिकाणी येतो, त्यामुळे तो प्रत्यक्ष न दिसला तरी त्याचे वास्तव्य जाणकाराला सहज कळते. मुक्कामाचे तत्त्व येथे पटते: एका जागी दोन दिवस राहणाऱ्यास जे कळते ते दोन तासांत दहा मैल हिंडणाऱ्यास कळत नाही.

आता परवान्याचा प्रश्न. पुष्कळ सुशिक्षित मंडळींची अशी समजूत असते की जंगल सरकारचे, सरकार आपले, तेव्हा तंबू खांद्यावर टाकून हवे तेथे जावे. कायदा नेमका याच्या उलट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या २७ व्या कलमान्वये अभयारण्यात प्रवेशालाच मर्यादा आहे. २८ व्या कलमान्वये वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन अशा ठरीव प्रयोजनांसाठी परवाना मिळतो. ३० व्या कलमाने आग लावण्यास आणि ३१ व्या कलमाने परवानगीवाचून शस्त्र नेण्यास मनाई आहे. अभयारण्याबाहेरचे जंगल राखीव असेल तर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे २६ वे कलम लागू, आणि त्यातही विस्तव पेटविणे हा गुन्हाच. तेव्हा बेताची पहिली पायरी म्हणजे वन्यजीव विभागाच्या दप्तरात रीतसर अर्ज करून रात्रीच्या मुक्कामाची सोय कोठे, किती जणांची व कोणत्या अटींवर मिळेल याचा खुलासा करून घेणे ही होय. तोंडी होकारावर विसंबू नये. नाक्यावरच्या वनरक्षकाला आपला चांगुलपणा दिसत नाही, कागद दिसतो, आणि त्याच्या दृष्टीने तेच योग्य आहे.

परवाना केवळ दिवसापुरता मिळाला तर बेत मोडला असे समजू नये. अभयारण्याच्या वेशीवरच्या गावांत शेत असणारा एखादा आप्त अथवा परिचित वऱ्हाडात कोणाला नसतो? त्याच्या संमतीने शेताच्या बांधावर मुक्काम करावा, दिवसा रानात जावे, रात्री परतावे. किंबहुना आपल्या मुलखात उघड्यावर रात्र काढण्याची जी अस्सल परंपरा आहे ती हीच. रोही आणि रानडुकरे उभे पीक तुडवतात म्हणून शेतात मचाण उभारून, डबे वाजवीत, मधूनच आरोळी देत रात्र काढणाऱ्या शेतकऱ्याची जागल या प्रदेशाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. फरक इतकाच की आपण हौसेने जागतो, आणि तो पोटासाठी.

दुसरी परंपरा बंजाऱ्यांची. ज्यांचे श्रद्धास्थान पोहरादेवी याच वाशीम जिल्ह्यात आहे त्या लमाणांचे तांडे रेल्वे येण्यापूर्वी हजारो बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दख्खनच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात. एवढ्या गुरामाणसांचा तळ कोठे पडावा याचा निर्णय पाणी, चराई, उंचवटा आणि चोरांपासून बचाव या चार गोष्टींवर होई, आणि निर्णय चुकला तर त्याची किंमत बैलांनी मोजावी लागे. तिसरी परंपरा साहेबांची. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, वाशीम हा १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्हा राहिला, (पुढे १ जुलै १९९८ रोजी तो पुन्हा अस्तित्वात आला,) आणि त्या काळात पावसाळा सरला म्हणजे अंमलदारांचे दौरे सुरू होत. जमाबंदी तपासणे, फिर्यादी ऐकणे, जंगलाच्या हद्दी पाहणे ही सगळी कामे राहुट्यांतून चालत. आणि ज्या अंमलदाराला साधत असे तो तंबूंचे दोन संच बाळगी, म्हणजे एका संचात रात्री निजावे तोवर दुसरा बैलगाडीने पुढल्या मुक्कामी जाऊन सकाळी साहेब घोड्यावरून पोचण्यापूर्वी उभा राहिलेला असे. या थाटामागे राबणाऱ्या वेठबिगारांची आठवण ठेवूनही एवढे मान्य केले पाहिजे की, मुक्कामाच्या जागी अंधार पडण्यापूर्वी छप्पर उभे असलेच पाहिजे, हा त्यांचा नियम आजही मोलाचा आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस आपल्याकडे सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि दाट सागाखाली अर्धा तास आधीच काळोख दाटू लागतो. मालेगावहून जेवूनखाऊन दुपारी चारला निघणारी मंडळी रानात पोचून विजेरीच्या उजेडात खुंट्या शोधतात, आणि मग पहिली रात्र गैरसोयीत घालवून दुसऱ्या दिवशी रानाला नावे ठेवतात.

तिथी निवडताना तीन पंचांगे पाहावी लागतात: पावसाचे, शेताचे आणि चंद्राचे. विदर्भातून मोसमी पाऊस साधारणतः ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी फिरतो. परंतु परतीचा पाऊस जाता जाता विजांचा कडकडाट करीत जातो, म्हणून नवरात्रातला मुक्काम धोक्याचा, कोजागरीचा बेताचा आणि दिवाळीनंतरचा निश्चिंत असे ढोबळ मानाने म्हणता येईल. सोयाबीनची सोंगणी दसऱ्याच्या मागेपुढे जोरात असते आणि त्यानंतर कपाशीची पहिली वेचणी येते. त्या धांदलीत शेतकऱ्याकडे पाहुणा म्हणून जाणे शिष्टाचाराला धरून नाही. चंद्राचे मात्र ज्याच्या त्याच्या आवडीवर आहे. कोजागरीच्या रात्री आटीव दुधाचा पेला हाती घेऊन जलाशयाकडे पाहण्याचे सुख कोण नाकारील? पण पूर्ण चंद्र आकाशातल्या बाकी सर्वांना गिळून टाकतो. अमावास्येच्या आगेमागे गेल्यास माथ्यावर भाद्रपदांचा चौकोन, त्याच्या लगत नुसत्या डोळ्यांना पुसट ढगासारखी दिसणारी देवयानी दीर्घिका, जिचा आज आपल्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश सुमारे पंचवीस लक्ष वर्षांपूर्वी निघालेला आहे, आणि पूर्वेस चढत जाणाऱ्या कृत्तिका-रोहिणी असे वैभव दिसते. २१ ऑक्टोबरच्या सुमारास हॅलेच्या धूमकेतूने मागे टाकलेल्या धुळीतून पृथ्वी जाते, आणि उत्तररात्री मृग नक्षत्राच्या दिशेकडून उल्का सुटताना दिसतात. अकोल्याच्या दिव्यांपासून डोंगराआड असलेल्या काळोख्या जागी त्या पाहण्याचा योग शहरवासीयाला क्वचितच येतो. याच दिवसांत दक्षिण क्षितिजाजवळ उत्तररात्री अगस्त्य उगवतो, आणि अगस्त्याच्या उदयाने पाणी निवळते अशी आपल्याकडची पुरातन श्रद्धा आहे. पाणी निवळते हे खरेच, कारण पूर ओसरून गाळ तळाशी बसतो. पण निवळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. गाळून, खळखळ उकळून मगच प्यावे, आणि माणशी दिवसाला चार लिटरांच्या हिशेबाने घरचे पाणी न्यावे हे त्याहून बरे.

आता जागेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण अनुभवी मंडळीही येथेच फसतात. आमच्या भागातली जमीन काळ्या पाषाणापासून झालेली. सखल भागात ती खोल काळी, आणि टेकडीच्या उतारावर पातळ, मुरमाड. काळ्या मातीचा स्वभाव असा की ओल मिळताच ती फुगते व वाळताच आकसून भेगाळते. कार्तिकात तिच्या वरच्या चार बोटांना भेगा पडलेल्या असतात, पण हातभर खाली पावसाची ओल तशीच असते. अशा जमिनीत खुंटी लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि तितक्याच सहजपणे रात्रीच्या वाऱ्यासरशी सुटून येते. पहाटे दव पडले की पायाखाली चिखल होतो व तो बुटाच्या तळाला शेरभर चिकटतो. याउलट मुरमाड बरडावर खुंटी ठोकताना दगडाने चार घाव अधिक घालावे लागतात, परंतु एकदा बसली की ती हलत नाही आणि पाणीही झिरपून जाते. जागेचा शोध म्हणून नाल्यापासून थोडे वर, मुरमाच्या उतारावरील सपाटीवर थांबवावा. नाल्यालगतची मऊ वाळू कितीही मोहक दिसली तरी तिला दोन दोष आहेत. एक तर वरच्या अंगाला पडलेल्या अवकाळी सरीचे पाणी तेथे अचानक येते. दुसरे म्हणजे निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, तिच्या सान्निध्याने थंड व जड झालेली हवा पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खोलगटात साचते, आणि त्यामुळे नाल्यातला मुक्काम वरच्या बरडापेक्षा कित्येक अंशांनी गार पडतो. कार्तिकात दुपारी तिशीपलीकडे गेलेला पारा पहाटे पंधराच्या आसपास उतरलेला असताना हे अंश फार जाणवतात.

तंबूचे कापड पहाटे आतून ओले झालेले दिसले की नवखे लोक तो गळका आहे असे म्हणून दुकानदाराशी भांडावयास जातात. वास्तविक निजलेल्या माणसाच्या श्वासातून व त्वचेतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास बाष्प बाहेर पडते, आणि चौघे जण सर्व झडपा बंद करून झोपले तर ते थंड कापडावर जमून थेंबांनी खाली येणारच. झडपा उघड्या, जाळ्या मात्र बंद. एवढे केले की काम भागते. डोक्यावर काय आहे तेही पाहावे. वाळलेल्या फांद्यांच्या झाडाखाली निजू नये, आणि वीज कडाडत असता माळावरच्या एकट्या झाडाखाली तर मुळीच थांबू नये. विदर्भात वीज पडून होणाऱ्या मृत्यूंच्या बातम्यांत ही चूक पुनःपुन्हा वाचावयास मिळते.

जागा ठरीव असण्यामागे आणखी एक विचार आहे, आणि तो अमेरिकेत एका वनस्पतिरोगतज्ज्ञाला सुचला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तेथील लोक मोटारी घेऊन राष्ट्रीय वनांत लोटले. वाटेल तेथे मोटार उभी करावी, वाटेल तेथे चूल मांडावी असा प्रकार चालला, आणि काही वर्षांतच मुक्कामांच्या जागांवरची जुनी झाडे कोणत्याही किडीवाचून सुकू लागली. एमिलिओ माइनेके या शास्त्रज्ञाने त्याचे कारण दाखवून दिले: चाकांनी व पायांनी माती इतकी दाबली जात होती की तिच्यातील हवापाण्याची पोकळी नाहीशी होऊन मुळे गुदमरत होती. १९३२ मध्ये त्याने मांडलेल्या धोरणाप्रमाणे एकेरी रस्ता, त्याला फुटलेले मोटारीपुरते फाटे, दगडओंडक्यांचे अडसर, आणि प्रत्येक फाट्याला एक ठरीव चूल व एक मेज अशी रचना झाली, आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. थोड्या जागेचा बळी देऊन बाकीचे रान वाचवावे, हे त्याचे गमक. आपल्याकडे ही व्यवस्था बाल्यावस्थेत आहे. म्हणूनच जेथे आधी कोणी तळ दिलेला आहे तेथेच आपण द्यावा, ‘अस्पर्श’ जागेचा हव्यास धरू नये. तिकडचे लोक शरदात रानात जातात ते लालपिवळ्या पानांसाठी. आपल्या सागाची पाने माघ-फाल्गुनाकडे गळतात; शरदात ती हिरवी असावयास हवीत, पण पुष्कळदा तांबूस, करपल्यासारखी दिसतात. पान हातात घेऊन उजेडाकडे धरावे: हिरवा गर नाहीसा होऊन शिरांची बारीक जाळी तेवढी उरलेली असते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सागावर येणाऱ्या एका लहानशा अळीचे हे काम. झाड त्याने मरत नाही. पायवाटेवर आडव्या बांधलेल्या, उन्हात सोनेरी झळकणाऱ्या मोठ्या कोळ्यांच्या जाळ्याही याच दिवसांतल्या. पुढे चालणाराने हातात काडी धरून चालावे, आणि शक्यतो जाळे न मोडता वाकून जावे.

शिदोरीविषयी वऱ्हाडी माणसाला शिकविण्यासारखे काही नाही. वांग्याची भाजी आणि गोवऱ्यांच्या आहारात भाजलेले रोडगे हे आमचे उघड्यावरचे राजेशाही जेवण. पण ते शेतात, धन्याच्या देखत आणि विस्तव पुरता विझवून. अभयारण्यात चूल नाही, तेव्हा दशम्या, धपाटे, तिळाची व शेंगदाण्याची चटणी, ठेचा, गूळ यांवर दोन दिवस उत्तम निघतात. खरकटे तंबूजवळ ठेवू नये, कारण वासाने रानडुक्कर येते आणि उजाडताच वानरे येतात. आणि वानरांना हाताने खाऊ घालणाऱ्या भाविकांना मी मुळीच क्षमा करू शकत नाही, कारण त्यांच्या पुण्याची फळे मागाहून येणाऱ्या बायकापोरांना भोगावी लागतात.

धोक्यांच्या बाबतीत लोकांची भीती आणि वस्तुस्थिती यांचा मेळ नसतो. भीती वाघाची, आणि वाघ या मुलखातून जातच नाही असेही नाही. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक तरुण नर विदर्भ, मराठवाडा व तेलंगण यांतील शेते, रस्ते, नद्या ओलांडीत तेराशे किलोमीटरांच्या आसपास चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. खरे भय मात्र मण्यारीचे. हा साप रात्री हिंडतो, उबेसाठी व भक्ष्यासाठी जमिनीवर निजलेल्या माणसाजवळ येतो, त्याच्या दंशाची वेदना जवळजवळ होतच नाही, आणि माणूस पहाटे पोटदुखी, जड झालेल्या पापण्या अशा लक्षणांनी जागा होतो. उपाय साधे आहेत: जाळीदार तंबूची साखळी पूर्ण ओढून घेणे, अथवा बाजेवर मच्छरदाणी खोचून निजणे, बूट झटकून घालणे, आणि विजेरीवाचून पाऊल न टाकणे. दंश झालाच तर मांत्रिकाकडे अथवा पट्ट्या आवळण्यात वेळ न दवडता सरळ दवाखाना गाठावा. जवळची प्रतिविष असलेली जागा कोणती हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. दुसरे भय माणसाने निर्माण केलेले. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी काही शेतकरी कुंपणात बेकायदा वीज सोडतात, आणि तिने जनावरांबरोबर माणसेही मरतात. म्हणून रात्री अनोळखी शेतातून आडवाटेने जाऊ नये.

ज्यांना सर्व सोयींनी युक्त असा वनमुक्काम हवा त्यांनी अकोला-अकोटमार्गे मेळघाट गाठावा. १९७३ मध्ये देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ अरण्यांपैकी ते एक. तेथे नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याशी शहानूर, सिपना नदीकाठी कोलकास, आतल्या बाजूला सेमाडोह अशी निवासस्थाने असून पावसाळ्यात बंद असलेली गाभाक्षेत्राची फाटके ऑक्टोबरच्या आरंभी उघडतात. दिवाळीच्या सुटीत तेथे गर्दी लोटते व आरक्षण फार आधी करावे लागते. शहानूरच्या फाटकावर मोटारींची रांग लागलेली असता काटेपूर्णेच्या जलाशयावर हिवाळी पाहुण्यांचे आगमन चालू असते: आधी धोबी, मग थापट्या, तलवार बदक, चक्रवाकाच्या जोड्या. तेथे बसून दुर्बीण डोळ्यांना लावण्यास मोटार लागत नाही आणि वाटाड्याची घाईही नसते. ज्याला काळवीट पाहावयाचे असेल त्याने परतताना कारंज्याकडे वळावे. तेथील सोहोळ अभयारण्य अवघे १८.३२ चौरस किलोमीटरांचे, पण माळरानाचे असल्यामुळे शरदातही तेथे दृष्टीला अडथळा कमी.

मुक्काम आटोपून घरी आल्यावर बेत संपला असे समजण्याचा प्रघात आहे. आरोग्याच्या दृष्टीने तो आणखी तीन आठवडे चालू असतो. पावसाळ्यानंतरच्या दाट गवतात डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा गोचिडीच्या जातीतल्या किटकुल्यांच्या अळ्या असतात, आणि त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस नावाचा ताप येऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर याच तापाने सैनिकांना हैराण केले होते, आणि २०१८ च्या पावसाळ्याअखेर नागपूर व विदर्भाच्या अन्य भागांत त्याची साथ येऊन रुग्ण दगावले होते. म्हणून गवतावर सतरंजीवाचून बसू नये, पायघोळ विजार मोज्यांत खोचावी, घरी येताच कपडे गरम पाण्यात टाकून अंग घासून स्नान करावे, आणि काखा, जांघा, कमरपट्ट्याखालची त्वचा नीट पाहावी. चाव्याच्या जागी पुष्कळदा सिगारेटच्या चटक्यासारखी काळी, न दुखणारी खपली दिसते, पण ती सर्वांनाच येते असे नाही. चावल्यानंतर सहा ते एकवीस दिवसांत थंडी वाजून ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डेंगी-मलेरियाच्या तपासण्यांत दिवस जाण्यापूर्वी डॉक्टरांना आपण अमुक तारखेला रानात, गवतात राहिलो होतो हे आपण होऊन सांगावे. कारण या रोगावर डॉक्सीसायक्लीन हे स्वस्त औषध वेळेवर दिल्यास उत्तम चालते, आणि वेळ टळल्यास फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदूपर्यंत विकार जातो.